भूमध्य समुद्राकाठी एक दिवस, आपल्या चालीने

फ्रान्सचा दक्षिण किनारा आणि तिथल्या एका दिवसाच्या खासगी सहली यांविषयी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे या वेळी उत्तरांसाठी घेतली आहेत. पहिल्या पत्रातले प्रश्न बहुतेकांना पडणारे असल्यामुळे त्याचे उत्तर सविस्तर दिले आहे.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये आम्ही पती-पत्नी, आमची मुलगी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई असे चौघे नीस येथे तीन रात्री राहणार आहोत. एक दिवस खासगी गाडी आणि गाईड घ्यावा असा विचार आहे. एका कंपनीने पाठवलेल्या कार्यक्रमात नीस, व्हिलफ्रांश, एझ, मोनॅको, माँतों, ग्रास आणि कान अशी सात ठिकाणे ८ तासांत दाखवण्याचे कबूल केले आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि घाटात त्यांना गाडी लागते. आम्ही सर्व शाकाहारी आहोत. हा कार्यक्रम घ्यावा का? पैसे भरण्यापूर्वी काय विचारून घ्यावे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : हा कार्यक्रम घेऊ नका. नकाशा समोर ठेवला की कारण लगेच लक्षात येते. नीसपासून मोनॅको आणि माँतों पूर्वेला, इटलीच्या सरहद्दीकडे आहेत, तर कान आणि ग्रास नेमके उलट्या दिशेला, पश्चिमेकडे आहेत. अंतरे मोठी नाहीत. नीस ते माँतों जेमतेम ३० किलोमीटर आहे. मात्र डोंगर आणि समुद्र यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत सगळी वाहतूक कोंबलेली असते, आणि गाडी उभी करून प्रत्यक्ष पाहण्याच्या जागेपर्यंत पोहोचण्यातच प्रत्येक ठिकाणी वीसेक मिनिटे जातात. माझ्या पहिल्या फेरीत अशाच एका सहा ठिकाणांच्या सहलीला मी होकार दिला होता. त्या दिवसातले मला आज आठवतात ते वाहनतळ आणि गाडीत बसण्याची घाई, गावे आठवत नाहीत. खासगी सहलीसाठी आपण जास्तीचे पैसे मोजतो ते दिवसाची चाल आपल्या हातात राहावी म्हणून. सासूबाई बाकावर दहा मिनिटे जास्त बसल्या तर कोणी घड्याळ दाखवता कामा नये. तेव्हा पूर्वेकडची दिशा धरा आणि तीन ठिकाणे ठरवा.

नीसहून पूर्वेला जाणारे तीन रस्ते एकावर एक, डोंगराच्या तीन पायऱ्यांवरून गेल्यासारखे आहेत आणि त्यांना कॉर्निश म्हणतात. खालचा रस्ता समुद्रालगतच्या गावांतून जातो, मधला एझच्या पायथ्याशी येतो आणि सर्वांत वरचा, नेपोलियनच्या काळात बांधलेला, समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीपर्यंत चढतो. मी आपल्याला वरचा रस्ता सुचवेन. सकाळी साडेआठ-नऊला निघाल्यास हवा थंड असते, गर्दी कमी असते आणि खाली काप फेराचे द्वीपकल्प समुद्रात पंजा पसरल्यासारखे दिसते. तिथे वाहने उजव्या बाजूने चालतात आणि पूर्वेला जाताना समुद्रही उजवीकडेच राहतो. म्हणून सासूबाईंना चालकाशेजारच्या पुढच्या आसनावर बसवावे. त्यांना समुद्र दिसेल, आणि पुढे बसून दूरवर नजर ठेवली की गाडीही कमी लागते. निघताना हलका नाश्ता करावा आणि गाडी लागण्याची गोळी आपल्या डॉक्टरांना विचारून इथूनच न्यावी. वळणांवर गाडी सावकाश चालवावी लागेल हे चालकाला आदल्या दिवशीच कळवावे, म्हणजे तो वेळेचा हिशेब त्याप्रमाणे धरतो.

पहिला थांबा ला तुर्बी. आल्प्समधल्या टोळ्यांवर रोमन सम्राट ऑगस्टसने मिळवलेल्या विजयाचे स्मारक इथे इसवी सनपूर्व ६ च्या सुमारास उभारले गेले आणि हरलेल्या ४५ टोळ्यांची नावे त्यावर कोरली गेली. आज उरलेले खांब अर्धेअधिक पडझडीतून पुन्हा उभे केलेले आहेत, तरी त्या माळावर उभे राहिल्यावर खाली तळहाताएवढे मोनॅको दिसते आणि ही जागा का निवडली असेल ते न सांगता कळते. स्मारक आठवड्यातून एखादा दिवस बंद असते, तेवढे तारखेप्रमाणे पाहून घ्यावे.

तिथून उतरून मोनॅको. अवघ्या २ चौरस किलोमीटरच्या या देशात जुने गाव आणि राजवाडा एका उंच खडकावर आहेत. तिथे बाहेरच्या गाड्यांना सरसकट जाऊ देत नाहीत. मात्र खडकाच्या पोटात पेशेर नावाचा वाहनतळ असून तिथून लिफ्ट आणि सरकते जिने थेट वर, सागरविज्ञान संग्रहालयाजवळ नेऊन सोडतात. चालक गाडी नक्की याच वाहनतळात लावणार ना, हे विचारून घ्या, कारण सासूबाईंच्या गुडघ्यांचा प्रश्न इथे एवढ्या एका गोष्टीने सुटतो. हे संग्रहालय राजे आल्बेर पहिले यांनी स्थापले आणि ते १९१० मध्ये खुले झाले. पुढे समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांनी तीस वर्षे त्याची धुरा वाहिली. राजवाड्यासमोर दररोज ११ वाजून ५५ मिनिटांनी पहारेकरी बदलतात. तो सोहळा उभ्याने, गर्दीत पाहावा लागतो आणि माझ्या मते आपण तो सोडून दिलेलाच बरा.

गाईड कशासाठी घ्यायचा, याचेही उत्तर मोनॅकोत मिळते. हा देश पूर्वी एवढा लहान नव्हता. माँतों आणि रोकब्रून ही दोन गावे त्याच्याच ताब्यात होती, त्यांनी १८४८ मध्ये फारकत घेतली आणि १८६१ मध्ये राजाने ४० लाख फ्रँक घेऊन त्यांच्यावरचा हक्क फ्रान्सला सोडून दिला. बहुतेक जमीन गेली, लिंबांच्या आणि ऑलिव्हच्या बागांचे उत्पन्न गेले, म्हणून तिजोरी भरण्यासाठी जुगारगृहाकडे पाहिले गेले आणि माँते कार्लो उभे राहिले. जाणता गाईड ही कथा मोनॅकोच्या कठड्यावरून समोरचे डोंगर दाखवत सुरू करतो आणि अर्ध्या तासाने माँतोंच्या चौकात पूर्ण करतो. नुसता चालक कॅसिनोसमोरच्या महागड्या गाड्या दाखवून पुढे निघतो.

तिसरा थांबा माँतों, आणि इथे उरलेला दिवस काढावा. समुद्रकाठचा रस्ता सपाट आहे, बाक भरपूर आहेत. जुन्या गावातली सेंट मिशेल बासिलिका पायऱ्या चढून गेल्यावर लागते. तिथे आपण आणि मुलगी जाऊन या, तोवर सासूबाई खाली बसतील. माँतोंच्या लिंबांचा फ्रान्समध्ये मोठा मान आहे, फेब्रुवारीत त्यांचा उत्सव असतो. लिंबू हातात घेऊन पाहा. आपल्या कागदी लिंबाच्या दुप्पट-तिप्पट मोठे, जाड सालीचे, आणि नखाने साल किंचित खरवडली की बोटांना सुवास राहतो. रस आपल्या लिंबाइतका जहाल आंबट नसतो. परतीला वरून जाणारा द्रुतगती मार्ग घ्यावा, वळणे टळतात आणि थकलेली मंडळी लवकर मुक्कामी पोहोचतात.

या आखणीत एझ नाही, याचे आपल्या मुलीला वाईट वाटेल. ते गाव ४२९ मीटर उंचीच्या कड्यावर आहे, आत गाडी जात नाही आणि माथ्यावरच्या निवडुंगांच्या बागेपर्यंत सगळी चढण दगडी पायऱ्यांची, झिजून गुळगुळीत झालेली आहे. दुखऱ्या गुडघ्यांना चढण्यापेक्षा तिथली उतरणच जास्त जाचते. आपण वरच्या रस्त्याने जाल तेव्हा ते गाव वरून, संपूर्ण, समुद्राच्या पार्श्वभूमीवर दिसेल. मुलीला आत जायचेच असेल तर तिने दुसऱ्या दिवशी सकाळी नीसहून बसने जावे.

आता पैसे भरण्यापूर्वी विचारायच्या गोष्टी. पहिला प्रश्न असा विचारा की, गाडी चालवणारा आणि माहिती सांगणारा एकच आहे की दोघे वेगळे. दोन्ही पद्धती रूढ आहेत, परंतु चालक एकटाच असेल तर तो गाडीतून बोलतो आणि दारापाशी सोडतो. फ्रान्समध्ये संग्रहालये आणि ऐतिहासिक वास्तूंच्या आत मार्गदर्शन करण्यासाठी ‘गीद-काँफेराँसिए’ हा सरकारमान्य परवाना असणारी व्यक्ती लागते, आणि भाड्याची खासगी गाडी चालवणाऱ्याकडे व्हीटीसीचा वेगळा परवाना असतो. दोन्हींची चौकशी केल्याने कोणी दुखावले जात नाही. प्रामाणिक माणूस उलट आनंदाने कार्ड दाखवतो. दर गाडीचा आहे की माणशी, ८ तास हॉटेलपासून हॉटेलपर्यंत मोजले जाणार की पहिल्या थांब्यापासून, जास्तीच्या तासाला किती, वाहनतळाचे आणि संग्रहालयाच्या तिकिटांचे पैसे त्यात धरले आहेत का, हे सगळे ईमेलवर लिहून घ्या. फोनवरचे ‘हो, हो’ ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

रद्द करण्याची अट मात्र विशेष काळजीने वाचा. युरोपात ऑनलाइन खरेदी १४ दिवसांत परत करता येते असे आपण ऐकलेले असते, पण ठरलेल्या तारखेच्या सहलीसारख्या सेवांना तो नियम लागू होत नाही. तिथे कंपनीने छापलेली अटच अंतिम. या किनाऱ्यावर पावसाळी वादळे शरद ऋतूत येतात. म्हणून हवामान बिघडल्यास आपल्या तीन दिवसांतच तारीख बदलून मिळेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे.

जेवणाविषयी दोन गोष्टी. तिथली स्वयंपाकघरे साधारण बारा ते दोन चालतात आणि नंतर थेट संध्याकाळी सातच्या सुमारास उघडतात. आपल्या सवयीने अडीचला जेवायला गेलात तर कॉफीवर भागवावे लागेल. म्हणून एकच्या आत माँतोंला पोहोचा. दुसरी गोष्ट अँकोव्ही या खारवलेल्या बारीक मासळीची. नीसची प्रसिद्ध कांद्याची पिसालादिएर, पाँ बान्या नावाचा भरलेला पाव, नीसचे सॅलड, या सगळ्यांत ती किंवा टूना असते आणि अनेक वेटर मासळीला मांसाहार धरत नाहीत. तेव्हा ‘सां व्याँद, सां प्वासाँ’, म्हणजे मांस नको, मासे नकोत, असे दोन्ही शब्द सांगावे. पार्मेझान चीज वासराच्या जठरातल्या रेनेटने विरजतात, हेही काटेकोर शाकाहारींनी ध्यानात ठेवावे.

आपल्यासाठी निर्धास्त पदार्थ आहे सोका. हरभऱ्याचे पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ, एवढेच. नीसच्या जुन्या गावात लाकडावर पेटवलेल्या भट्टीत हातभर रुंद तांब्याच्या परातीत तो भाजतात, कडा करपेपर्यंत, आणि कलथ्याने ओबडधोबड तुकडे खरवडून कागदावर देतात, वर भरड मिरपूड. कडेचा तुकडा कुरकुरीत, मधला मऊ आणि थोडा ओलसर. सासूबाई पहिल्या घासालाच म्हणतील की हे तर बेसनाचे धिरडे, फक्त हळद-तिखट घालायचे राहिले. दिवसाच्या सुरुवातीला कुर सालेया या बाजाराजवळ थांबून तो खाता येईल का, हे गाईडला विचारा. मात्र तो बाजार सोमवारी जुन्या वस्तूंचा असतो, फुले-भाज्यांचा नसतो.

पासपोर्ट मूळ प्रत जवळ ठेवावा. मोनॅकोसाठी वेगळा व्हिसा लागत नाही, शेंगेन व्हिसावर जाता येते.

प्रश्न : आम्हाला ६ आणि ९ वर्षांची दोन मुले आहेत. खासगी गाडीचा खर्च झेपेल, पण तो करावा का? हा सगळा किनारा रेल्वेनेही पाहता येतो असे ऐकले.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आपण ऐकले ते खरे आहे, आणि आपल्याला मी रेल्वेच सुचवेन. नीसहून इटलीतल्या व्हेंतिमिल्यापर्यंत जाणारी स्थानिक गाडी व्हिलफ्रांश, बोल्यू, मोनॅको, माँतों अशी प्रत्येक गावी थांबते, मोनॅको अर्ध्या तासाच्या आत येते आणि मुलांना बोगदा संपताच खिडकीत समुद्र उजाडण्याची गंमत मिळते. गाडी, मागचे आसन आणि वळणे या तिन्हींना मुले तासाभरात कंटाळतात. सागरविज्ञान संग्रहालयात मात्र आपली मुले सहज अडीच तास रमतील. दुपारी व्हिलफ्रांशला उतरा. नीसचा किनारा गोट्यांचा आहे, अनवाणी चालताना पाय पोळतात आणि टोचतात. व्हिलफ्रांशची वाळू भरड असली तरी ती वाळू आहे.

रेल्वेने जाणाऱ्यांची एक चूक मी अनेकदा पाहिली आहे. एझ नावाचे स्थानक समुद्रकाठी आहे आणि गाव त्याच्या डोक्यावर ४०० मीटर उंचीवर. मधली पाऊलवाट तत्त्वज्ञ नीत्शे यांच्या नावाने ओळखली जाते, चढायला सव्वा ते दीड तास लागतो आणि उन्हात ती मुलांच्या आवाक्याबाहेरची आहे.

वाचलेल्या पैशांतून हवे तर नीसच्या जुन्या गावात दोन तासांचा खासगी गाईड घ्या. मुलांना बोलते करणारा गाईड हवा असे मागणी नोंदवतानाच लिहा. पुढे कधी गाडी केलीतच तर दोन्ही मुलांसाठी योग्य मापाची आसने मागून ठेवा. १० वर्षांखालच्या मुलांसाठी तिथे त्याचे कायदे कडक आहेत.

प्रश्न : आम्ही जुलैमध्ये दोन दिवस मार्सेयला आहोत. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी जिथे समुद्रात उडी घेतली ते बंदर पाहण्याची वडिलांची फार दिवसांची इच्छा आहे. खासगी गाईडसह एका दिवसात ते आणि तिथल्या प्रसिद्ध कालांक दऱ्या असे दोन्ही होईल का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : होईल, आणि आपल्यासारख्यांसाठीच खासगी सहलीला अर्थ आहे, कारण कोणत्याही ठरावीक बसफेरीत ही जागा येत नाही.

नाशिकच्या वाचकांना ही हकीकत सांगण्याची गरज नाही, पण गाईडला आहे. त्याला आठवडाभर आधी इंग्रजीत अर्धे पान लिहून पाठवा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या वधाच्या प्रकरणासह इतर आरोपांखाली खटला चालवण्यासाठी सावरकरांना इंग्लंडहून हिंदुस्थानात नेले जात असताना मोरिया ही बोट मार्सेयला थांबली होती. ८ जुलै १९१० रोजी सकाळी त्यांनी शौचकूपाच्या गोल खिडकीतून उडी घेतली, पोहत धक्का गाठला, आणि फ्रेंच शिपायाने त्यांना धरून पुन्हा बोटीवर सोपवले. फ्रेंच भूमीवर पाऊल ठेवलेल्या राजकीय कैद्याला असे परत देता येते का, हा वाद द हेगच्या लवादापर्यंत गेला आणि २४ फेब्रुवारी १९११ रोजी निकाल ब्रिटनच्या बाजूने लागला. फ्रान्समध्ये त्यांच्या बाजूने आवाज उठवणाऱ्यांत कार्ल मार्क्स यांचे नातू जाँ लाँगे होते. हा शेवटचा धागा हाती दिलात तर फ्रेंच गाईड स्वतःहून आणखी शोधून येईल, असा माझा अनुभव आहे.

जागेविषयी एक स्पष्ट करतो. पर्यटकांना दाखवतात ते जुने बंदर आता शिडांच्या आणि लहान होड्यांचे आहे. मोठ्या आगबोटींसाठी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून त्याच्या उत्तरेला ला झोलियेत इथे नवे धक्के बांधले गेले. वडिलांना आधी सेंट झाँ किल्ल्यावर न्या. २०१३ मध्ये उघडलेल्या म्यूसेम संग्रहालयाला तो एका अरुंद पुलाने जोडला आहे, आणि तिथून एका नजरेत डावीकडे मोकळा समुद्र, मागे जुने बंदर आणि उत्तरेला धक्क्यांची लांबलचक रांग दिसते. बोटीवरून धक्क्यापर्यंतचे पाणी किती, हे तिथे उभे राहिल्यावर डोळ्यांना कळते. वडिलांना तिथे थोडा वेळ शांतपणे उभे राहू द्या. गाईडने तेव्हा बोलू नये, हेही त्याला हळूच सांगून ठेवावे.

तिथून दक्षिणेला माझार्ग या उपनगरात युद्धस्मशानभूमी आहे. सप्टेंबर १९१४ च्या अखेरीस पहिल्या महायुद्धासाठी आलेल्या हिंदी फौजा मार्सेयलाच उतरल्या, आणि इथे मृत्यू पावलेल्या शेकडो हिंदी सैनिकांची नावे या स्मारकावर आहेत. भारताच्या पंतप्रधानांनी फेब्रुवारी २०२५ मध्ये इथे पुष्पचक्र वाहिले होते. ही जागा कालांककडे जाण्याच्या वाटेवरच पडते, त्यामुळे वेगळा वेळ मोडत नाही.

कालांक म्हणजे पांढऱ्या चुनखडीच्या उभ्या कड्यांमध्ये समुद्र आत घुसून झालेल्या चिंचोळ्या खाड्या. २०१२ पासून हा प्रदेश राष्ट्रीय उद्यान आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत वणव्याच्या धोक्यामुळे तिथल्या पायवाटा एखाद्या दिवशी पूर्ण बंद ठेवल्या जातात आणि ते आदल्या संध्याकाळी जाहीर होते. जुलैच्या उन्हात वडिलांना चालवण्यापेक्षा कासी या गावातून निघणारी होडी घ्यावी. तीन खाड्यांची फेरी पाऊण तासाची असते आणि पुरेशी असते. एकच अडचण मिस्त्राल वाऱ्याची. तो सुटला की होड्या सुटत नाहीत, आणि ३९४ मीटर उंचीच्या काप कानाय कड्यावरचा रस्ताही बंद करतात. म्हणून दोन दिवसांपैकी पहिला दिवस सहलीसाठी ठरवा, म्हणजे वाऱ्याने घात केला तरी दुसरा हाताशी राहतो. होडी चुकली तर चालेल, किल्ला आणि माझार्ग मात्र चुकवू नका.

प्रश्न : माझी मुलगी वास्तुशास्त्र शिकते. नीसला गेल्यावर तिला प्रसिद्ध वास्तुविशारद ल कोर्ब्युझिए यांची समुद्रकाठची खोपी पाहायची आहे. त्यासाठी खासगी गाईड करावा लागेल का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : वेगळा गाईड लागणार नाही आणि गाडीही लागणार नाही. रोकब्रून-काप-मार्तां या स्थानकावर उतरायचे आणि आधी नोंदवलेल्या वेळेला तिथल्या अधिकृत गाईडबरोबर गटाने जायचे, एवढीच पद्धत आहे. नोंदणीशिवाय आत सोडत नाहीत, हिवाळ्यात भेटी बंद असतात आणि वाटेत पायऱ्या आहेत.

खोपी बाहेरून ओंडक्यांची, आतून ३.६६ मीटर लांब आणि तेवढीच रुंद. चंडीगडचे काम हाती आले त्याच सुमारास, १९५१-५२ मध्ये, त्यांनी ती स्वतःसाठी बांधली. एका हाताने नव्या राजधानीचे नकाशे आणि दुसऱ्या हाताने ही पलंग-टेबलाची खोली, हे वास्तुशास्त्राच्या विद्यार्थिनीने पाहण्याजोगेच आहे. २०१६ मध्ये युनेस्कोने सात देशांतल्या त्यांच्या १७ कामांना एकत्रित जागतिक वारसा ठरवले, त्यात ही खोपीही आहे आणि चंडीगडचे कॅपिटॉल संकुलही. शेजारीच वास्तुरचनाकार आयलीन ग्रे यांनी १९२६ ते १९२९ मध्ये उभारलेले ई-१०२७ हे घर त्याच भेटीत दाखवतात. त्याच्या भिंतींवर ल कोर्ब्युझिए यांनी ग्रे यांना न विचारता चित्रे रंगवली, आणि त्या गोष्टीचा ग्रे यांना झालेला मनस्ताप मुलीने तिथे उभे राहून जरूर समजून घ्यावा. या खोपीखालच्याच समुद्रात २७ ऑगस्ट १९६५ रोजी पोहताना ल कोर्ब्युझिए यांचा मृत्यू झाला. त्यांचे दफन वरच्या गावात झाले आहे, वेळ उरल्यास तिथवर जाता येईल.

प्रश्न : आमचे क्रूझ व्हिलफ्रांशला सकाळी ८ ते संध्याकाळी ६ थांबणार आहे. जहाजाची सहल न घेता बाहेरची खासगी गाडी घेतली तर स्वस्त पडेल का? त्यात धोका काय?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : चार-सहा जण असाल तर बहुधा स्वस्त पडेल, कारण खासगी दर गाडीचा असतो आणि जहाजाचा माणशी. धोका वेळेचा आहे. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, आपल्या खासगी गाडीसाठी थांबत नाही.

व्हिलफ्रांशचे पाणी खोल असले तरी मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत, उपसागरात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर आणतात. त्यामुळे ८ ला पोहोचणे म्हणजे ९ ला गाडीत बसणे असे धरा. परतीची शेवटची लहान बोट ६ च्या बऱ्याच आधी सुटते, ती वेळ जहाजावरच्या दैनिक पत्रकात छापलेली असते. त्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर यायचे असे चालकाला लेखी कळवा. मोनॅकोच्या मोटारशर्यतीच्या दिवसांत आणि त्याआधीच्या आठवड्यांत रस्त्यांवर कठडे आणि प्रेक्षकांचे मचाण उभे असतात. आपली तारीख त्यात पडत असेल तर मोनॅको वगळा आणि काप फेरावरच्या व्हिला एफ्रुसीच्या बागा पाहा. त्या बंदरापासून गाडीने दहा मिनिटांवर आहेत. समुद्र खवळलेला असल्यास जहाज व्हिलफ्रांश टाळून दुसऱ्या बंदराला जाते. अशा वेळी पैसे परत मिळतील असे लेखी देणाऱ्याचीच गाडी ठरवावी, आणि जहाजाचे नाव व फोन क्रमांक त्याला आधीच द्यावा.